सीआयएसची ५६ कलमं आणि साठ हजारांचं बजेट: एका क्लिअरिंग ऑफिसचा अनुभव

बॅलार्ड इस्टेटमधल्या एका कस्टम्स क्लिअरिंगच्या ऑफिसात मी डॉक्युमेंटेशन बघते. बारा माणसं, दोन खोल्या, आणि दिवसभर बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद), शिपिंग बिल (निर्यातीचा), बीएल (जहाजावर चढवलेल्या मालाची पावती), इन्व्हॉइस यांचा राबता. आयटीचं वेगळं खातं नाही. प्रिंटर अडकला की मी उठते, त्यामुळे कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं कामही माझ्याकडेच आलं. शेठनी त्यासाठी वर्षाचे साठ हजार रुपये मंजूर केले. त्यापेक्षा एक रुपया जास्त मिळणार नव्हता, आणि त्यांची बाजूही मला कळत होती.

त्या साठ हजारांत काय करायचं, हे ठरवायला मी जी वस्तू वापरली तिचा हा रिव्ह्यू. ती फुकट आहे, आणि आमच्यासारख्या छोट्या ऑफिसांना तिचा पत्ताच नसतो. तिचं नाव सीआयएस क्रिटिकल सिक्युरिटी कंट्रोल्स. सेंटर फॉर इंटरनेट सिक्युरिटी ही अमेरिकेतली ना-नफा संस्था ती काढते. आठवी आवृत्ती मे २०२१ मध्ये आली, ८.१ जून २०२४ मध्ये. एकूण १८ विषय आणि त्यांखाली १५३ कलमं. एवढ्याने कोणीही दडपून जाईल, पण त्यांनी कलमांचे तीन गट पाडलेत. पहिल्या गटाचं नाव आयजी-१. ज्यांच्याकडे पैसा कमी, आयटीची माणसं कमी, त्यांनी सुरुवात कुठून करायची ते त्यात आहे. त्यात ५६ कलमं येतात. नाव आणि ईमेल दिला की पीडीएफही मिळते आणि एक्सेलही. मी एक्सेल घेतली, आयजी-१ च्या रकान्यावर फिल्टर लावला आणि उरलेल्या ५६ ओळींपुढे 'झालं', 'अर्धवट', 'बाकी' असे शेरे मारत गेले.

माझं मत आधीच सांगते. या यादीचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे काय विकत घ्यायचं नाही, हे ती सांगते. मी ती वाचायला घेतली त्याच सुमारास एक विक्रेता आमच्याकडे फायरवॉलच्या, म्हणजे नेटवर्कमधली घुसखोरी अडवणाऱ्या, डब्याचं कोटेशन ठेवून गेला होता. एक लाख ऐंशी हजार, शिवाय दरवर्षी लायसन्सचं नूतनीकरण. शेठ थोडे घाबरले होते आणि कर्ज काढल्यासारखं हप्त्यांत बसवता येईल का, असा हिशोब सुरू होता. मी यादी पुढे ठेवली. १३ वा विषय नेटवर्कवर पाळत ठेवण्याचा, १६ वा स्वतः लिहिलेल्या सॉफ्टवेअरचा, १८ वा पेनिट्रेशन टेस्टिंगचा, म्हणजे आपल्याच यंत्रणेवर मुद्दाम हल्ला करून बघण्याचा. या तिन्हींत आयजी-१ चं एकही कलम नाही. फायरवॉलबद्दल पहिल्या गटात एवढंच आहे की प्रत्येक सर्व्हरवर आणि कॉम्प्युटरवर तो चालू असावा. तो विंडोजमध्ये असतोच. कोटेशन ड्रॉवरमध्ये गेलं.

पहिलं कलम यंत्रांच्या मोजदादीचं आहे. वाचताना ते बिनकामाचं वाटतं, करायला घेतलं की डोळे उघडतात. आमच्या हिशोबात चौदा कॉम्प्युटर होते, निघाले सतरा. शिवाय वायफायचा राउटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि हजेरीचं अंगठ्याचं यंत्र. डीव्हीआर आणि हजेरीचं यंत्र, दोन्हींवर कंपनीतून आलेला मूळ पासवर्ड तसाच होता. दोन्ही इंटरनेटला जोडलेली. पासवर्ड बदलायला चहा येईपर्यंतचा वेळ लागला आणि खर्च शून्य.

इथेच यादीची पहिली उणीवही दिसली. आमच्या धंद्यातली सगळ्यात नाजूक वस्तू म्हणजे डीएससीचं टोकन, डिजिटल सहीचा तो पेनड्राइव्हसारखा तुकडा. आइसगेटवर, म्हणजे कस्टम्सच्या ऑनलाइन पोर्टलवर, बिल ऑफ एंट्री त्या सहीने जाते. टोकन आणि त्याचा पिन ज्याच्या हाती, तो आमच्या ब्रोकर लायसन्सच्या नावाने काहीही दाखल करू शकतो. मोजदाद केली तेव्हा हे टोकन दिवसभर यूएसबीत खुपसलेलं होतं आणि पिन मॉनिटरच्या खालच्या कडेला चिकटपट्टीवर लिहिलेला होता. जवळपासच्या कुठल्याही क्लिअरिंग ऑफिसात हेच दृश्य दिसेल. अमेरिकेत बसून यादी करणाऱ्यांना हे कुठून माहीत असणार? मी एक्सेलमध्ये ५७ वी ओळ स्वतः घातली: टोकन वापरून झालं की काढायचं, संध्याकाळी कपाटात, कपाटाची किल्ली एफ-कार्डवाल्या साहेबांकडे (कस्टम्सची परीक्षा पास झालेल्यांचं ते एफ-कार्ड; जी आणि एच ही त्याखालची कस्टम्सची ओळखपत्रं), पिन कुठेही लिहायचा नाही. यादी वापरणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या धंद्याची अशी एक-दोन कलमं जोडायलाच हवीत.

दुसऱ्या विषयातलं एक कलम म्हणतं, ज्याला कंपनीचा आधार उरलेला नाही असं सॉफ्टवेअर ठेवू नका. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आमची तीन यंत्रं विंडोज ११ घेऊच शकत नव्हती, कारण त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. मायक्रोसॉफ्ट पैसे घेऊन जुन्या विंडोजला सुरक्षेचे अपडेट देतं, पण कंपन्यांसाठी पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर आणि मग दरवर्षी दुप्पट. तीन वर्षांचे झाले ४२७ डॉलर. तेवढ्यात लॅमिंग्टन रोडवर, मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, रिफर्बिश्ड (जुना, दुरुस्त करून विकलेला) डेस्कटॉप येतो आणि बरेच पैसे उरतात. म्हणून एक यंत्र तिथून सतरा हजाराला बदललं. दुसऱ्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. ते यंत्र बाहेरच्या टेबलावर असतं, त्यावर फक्त मेल आणि कंटेनर ट्रॅकिंग चालतं आणि कोणाची तक्रार नाही. तिसरं यंत्र नेटवर्कवरून काढलं आणि स्कॅनरला जोडून ठेवलं.

लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर एक सांगते. रिफर्बिश्ड यंत्र घेताना दुकानातच ते चालू करायला लावा आणि टीपीएम आहे का, विंडोज खऱ्या लायसन्सचं आहे का, हे तिथेच पाहा. क्रॅक केलेलं विंडोज फुकटात टाकून देणारी दुकानं आहेत. सुरक्षेच्या बजेटातून असं यंत्र आणणं म्हणजे चोराला पैसे देऊन घरात बोलावणं आहे.

पासवर्डचं कलम साधं आहे: प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड. दोन टप्प्यांचं लॉगिन (पासवर्डनंतर आणखी एक कोड किंवा किल्ली) असेल तर किमान आठ अक्षरं, नसेल तर किमान चौदा. आमच्याकडे आइसगेट, शिपिंग लाइनची पोर्टलं, टर्मिनलची पोर्टलं, बँक, जीएसटी असं सगळं मिळून पासवर्डांचं जंगल होतं आणि ते सामायिक ड्राइव्हवरच्या एका एक्सेल फायलीत उघडं पडलेलं. त्यासाठी बिटवॉर्डन हे पासवर्ड सांभाळणारं सॉफ्टवेअर घेतलं. ते मुक्त स्रोत आहे, आणि एकट्या माणसासाठीच्या फुकट खात्यातही कितीही पासवर्ड, कितीही यंत्रांवर ठेवता येतात. पण सामायिक पासवर्डांसाठी टीम्सचा प्लॅन लागतो. आम्ही घेतला तेव्हा माणशी महिन्याला चार डॉलर होते. बाराही जणांसाठी घेतला असता तर अर्ध्याहून जास्त बजेट त्यातच संपलं असतं. म्हणून ज्यांना सामायिक पासवर्ड खरोखर लागतात अशा पाच जणांसाठी तो घेतला, बाकीचे फुकट खात्यावर. वर्षाचे २४० डॉलर, म्हणजे वीस हजारांच्या वर. माझ्या मते सगळ्या खर्चात हा पैसा सर्वांत नीट वसूल झाला. आमच्यातला एक जी-कार्डवाला मुलगा दुसऱ्या फर्ममध्ये गेला, तेव्हा त्याला कायकाय माहीत होतं ते आठवत बसावं लागलं नाही. यादी समोर होती, त्याच संध्याकाळी सगळे पासवर्ड बदलले.

व्हॉल्टवॉर्डन नावाचा एक फुकट पर्याय आहे. तो स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचा, बिटवॉर्डनचीच ॲपं त्याला चालतात. कॉम्प्युटरमधल्या कोणीही मला तोच सुचवला असता. मी नाही घेतला. ऑफिसचे सगळे पासवर्ड ज्या डब्यात, त्या डब्याचं अपडेट, बॅकअप आणि दुरुस्ती मीच करायची, आणि मी गावी गेले की कोणीच नाही! वीस हजार वाचवायला एवढी जोखीम मला पटली नाही.

दोन टप्प्यांच्या लॉगिनला फारसा खर्च नाही. मेलच्या ॲडमिनमधून ते सगळ्यांना सक्तीचं करता येतं आणि मोबाइलवर ऑथेंटिकेटर ॲप फुकट आहे. एसएमएसवर ओटीपी घेण्यापेक्षा ते बरं, कारण सिम स्वॅप करून नंबर पळवला तरी ॲप तुमच्याच फोनमध्ये राहतं. एकच अडचण आली. आमचे डॉकवर जाणारे एच-कार्डवाले काका बटणांचा फोन वापरतात आणि तो बदलायची त्यांची इच्छा नाही. त्यांच्यासाठी यूएसबीची हार्डवेअर सिक्युरिटी की घेतली. ती त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असते. कॉम्प्युटरला लावायची, बोट टेकवायचं, झालं. ऑफिसात सगळ्यात पटकन लॉगिन आता त्यांचंच होतं. परवडलं असतं तर सगळ्यांना हीच दिली असती, कारण खोट्या वेबसाइटवर ती चालतच नाही. ॲपमधला सहा आकडी कोड मात्र माणूस फसून खोट्या पानावर टाइप करू शकतो.

आता बॅकअप. यावर थोडं जास्त लिहिते, कारण न्हावा-शेवाशी काम करणाऱ्या माणसाला हा विषय पुस्तकातून शिकावा लागत नाही. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा मालवेअर युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि मर्स्कच्या जगभरातल्या यंत्रणा त्याने आडव्या केल्या. आमच्या न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचं कामही त्यात ठप्प झालं. कंपनीने नुकसानीचा अंदाज पंचवीस ते तीस कोटी डॉलर दिला होता. त्यातली मला कधीही न विसरता येणारी गोष्ट अशी: त्यांच्या नेटवर्कची ओळखपाळख सांभाळणारे डोमेन कंट्रोलर एकमेकांची नक्कल ठेवत होते, त्यामुळे एक गेला तसे सगळे गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या शिपिंग कंपन्यांपैकी एक, नेटवर्कला न जोडलेल्या एका प्रतीमुळे उभी राहिली. शेठना मी हे सांगितलं आणि हार्ड डिस्कच्या पैशांवर त्यांनी लगेच सही केली.

दोन टीबीच्या दोन बाहेरच्या डिस्क, दोन्ही मिळून तेरा हजारांच्या आसपास. बॅकअपसाठी वीमचा विंडोज एजंट, त्याची फुकट आवृत्ती. त्यात मला मोलाची वाटली ती एक छोटी सोय: बॅकअप पुरा झाला की तो डिस्क आपोआप इजेक्ट करतो. रात्री रॅन्समवेअर (फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारं मालवेअर) आलं तर त्याला ती डिस्क दिसतच नाही. बॅकअपला पासवर्डचं कुलूपही लावता येतं. ते लावलंच पाहिजे, कारण त्या डिस्कवर आयातदारांचे पॅन, आधार, आयईसी (आयात-निर्यातीचा कोड नंबर), बँकेची पत्रं असं सगळं केवायसी आहे आणि नियमाप्रमाणे आम्हाला हे रेकॉर्ड किमान पाच वर्षं सांभाळावं लागतं. एक डिस्क ऑफिसात, दुसरी शेठच्या घरी. दर शुक्रवारी अदलाबदल. यादी आठवड्यातून निदान एकदा बॅकअप घ्यायला सांगते, आम्ही टॅलीचा आणि चालू जॉबचा रोज घेतो.

आणि इथे यादीशी माझं खरं भांडण आहे. बॅकअप घ्या, सुरक्षित ठेवा, एक प्रत वेगळी ठेवा, हे सगळं पहिल्या गटात आहे. पण बॅकअपमधून फायली परत आणून बघा, हे ११.५ नंबरचं कलम त्यांनी दुसऱ्या गटात टाकलंय. मला हे अजिबात मान्य नाही. परत आणून न पाहिलेला बॅकअप म्हणजे नुसती समजूत. आमच्याकडे हे असं चालतं: मी डिस्क सुट्या लॅपटॉपला लावते, अकाउंट्सच्या ताई डोळे मिटून जॉब रजिस्टरच्या पानावर बोट ठेवतात, आणि ज्या जॉबवर बोट पडेल त्याचं सगळं आणायचं. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएल, चेकलिस्ट, ड्यूटीचं चलन, टॅलीतली नोंद. पहिल्याच चाचणीत बीएल सापडेना. काका सगळे बीएल स्वतःच्या डेस्कटॉपवर ठेवतात हे तेव्हा कळलं, आणि डेस्कटॉप बॅकअपच्या फोल्डरांत नव्हता. ही चाचणी झाली नसती तर हे संकटाच्या दिवशीच कळलं असतं. आता तीन महिन्यांतून एकदा ही चाचणी होते आणि ताई तिची तारीख स्वतःहून आठवण करून देतात.

प्रशिक्षणाची आठ कलमं आहेत. ती चांगली आहेत, पण ऑफिसातल्या मराठी, हिंदी, गुजराती बोलणाऱ्या माणसांपुढे इंग्रजी कागद ठेवून काही होत नाही. ते काम मी माझ्या पद्धतीने केलं: आलेली खरी मेल प्रिंट करून भिंतीवर. त्यातली एक मेल अशी होती. परदेशातल्या एका फ्रेट एजंटकडून आलेली, 'आमचं बँक खातं बदललंय, या वेळचं पेमेंट नव्या खात्यावर करा.' जुन्या मेलची सगळी साखळी खाली जोडलेली, सही तीच, लोगो तोच. फक्त डोमेनमध्ये एम या अक्षराच्या जागी आर आणि एन ही दोन अक्षरं चिकटून बसलेली. छोट्या फाँटमध्ये ती एमच दिसतात. ताईंनी पैसे पाठवण्याआधी मेलमधल्या नंबरवर फोन न करता जुन्या फायलीतल्या व्हिजिटिंग कार्डावरच्या नंबरवर केला. पलीकडच्या माणसाने सांगितलं, आम्ही काहीच बदललेलं नाही. तेव्हापासून नियम लिहून टाकलाय: खातं बदलल्याची सूचना कोणाचीही असो, आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर बोलल्याशिवाय एक रुपया जाणार नाही. शेठचीही सूचना असली तरी. शेठनी त्याखाली सही केली आहे.

आमच्या डोमेनच्या नावाने कोणी खोट्या मेल पाठवू नये म्हणून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क लावले. मेल खरंच आपल्याकडूनच आली का, हे घेणाऱ्याला पडताळता यावं म्हणून डोमेनला जोडायच्या या नोंदी. फुकट आहे. डीमार्क आधी नुसता बघण्यावर ठेवायचा, आपल्या सगळ्या खऱ्या मेल नीट जातायत ना ते तपासायचं, मग हळूहळू रिजेक्टपर्यंत, म्हणजे खोटी मेल नाकारली जाईल इथपर्यंत, न्यायचा. डीएनएस फिल्टरिंगचं (वेबसाइटचा पत्ता शोधतानाच वाईट ठिकाणं गाळण्याचं) कलम राउटरमध्ये क्वाड-नाइन या फुकट सेवेचा ९.९.९.९ हा पत्ता टाकून संपलं. धोक्याची म्हणून माहीत असलेली ठिकाणं तो उघडूच देत नाही. अँटिव्हायरस विंडोजचाच, पण त्यातलं कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस (अनोळखी प्रोग्रामला आपल्या फायली बदलू न देणारी सोय) आपण होऊन चालू करावं लागतं, ते केलं. ऑटोरन (पेनड्राइव्ह लावताच त्यातलं काही आपोआप चालणं) बंद, पंधरा मिनिटांत स्क्रीन लॉक.

लॉगसाठी, म्हणजे यंत्रांवर काय काय घडलं त्याच्या नोंदींसाठी, वाझू नावाची मुक्त स्रोत यंत्रणा सगळीकडे सुचवतात. ती खरोखर ताकदवान आहे, मी एका यंत्रावर लावून पाहिली. पण तिच्यासाठी आठ जीबी मेमरीचा वेगळा सर्व्हर लागतो आणि मुख्य म्हणजे तिचे इशारे रोज वाचणारा माणूस लागतो. तो आमच्याकडे नाही. काढून टाकली. तुमच्याकडे पन्नास यंत्रं आणि एक पूर्णवेळ आयटीवाला असेल तर जरूर लावा.

घटना घडली तर काय करायचं, याची तीन कलमं आहेत, पण त्यांत भारतातला कायदा अर्थातच नाही. तो आपला आपण जोडायचा. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, तोही तत्काळ, कारण पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता आले तरच मिळतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. आमच्याकडे पाच-पाच वर्षांचं केवायसी असल्याने हा आकडाही मी शेठना वाचून दाखवला. घटना घडली तर काय करायचं, याचं आम्ही एक पान केलंय. त्यावर सर्ट-इनचा पत्ता, १९३०, बँकेच्या शाखेचा नंबर, शेठचा आणि माझा मोबाइल एवढंच आहे. ते छापून फोनच्या वर लावलंय, कारण कॉम्प्युटरच बंद पडला तर कॉम्प्युटरमधलं पान काय कामाचं?

खर्च सगळा मिळून पंचावन्न हजारांच्या आत राहिला. पैशाहून जास्त लागला तो वेळ. दर बुधवारी दुपारी, कस्टम्सची गर्दी ओसरली की, दोन तास शेठनी मला या कामासाठी मोकळे दिले. हे दोन तास मिळत नसतील तर यादी डाउनलोड करून काहीच होणार नाही.

एक काम अजून अर्धवट आहे. १५ व्या विषयात बाहेरच्या सेवा देणाऱ्यांची यादी करायला सांगितलीय. आमच्या फायलिंगच्या सॉफ्टवेअरवाल्यांचा रिमोट ॲक्सेस कायमचा चालू होता, पासवर्ड त्यांच्याकडे, ते केव्हाही आत. बंद करायला सांगितलं तर 'सगळ्यांकडे असंच असतं, मग सपोर्ट उशिरा मिळेल' असं उत्तर आलं. पुष्कळ बोलणी झाल्यावर आता ते आधी फोन करतात, आम्ही रिमोट चालू करतो, काम संपलं की बंद करतो. हे लेखी करारात यावं म्हणून मी मागे लागलेय. नूतनीकरण मार्चमध्ये आहे, तोवर करारात ते कलम आलं नाही तर दुसरा सॉफ्टवेअरवाला बघायला शेठ तयार आहेत.